कायद्याची कात्री कोणाच्या हाती?

19 जुलै 2024 रोजी मुंबई उच्च न्यायालयाने, महाराष्ट्र सरकारने शिक्षण हक्काच्या नियमांत घुसडलेले एक परंतुक रद्द ठरविले, तेव्हा सरकारला चपराक बसली असे म्हणून आपण सर्वांनी समाधान मानले. समाधान मानण्याजोगे त्यात होतेच. परंतु परभणी, जिंतूर, सेलू, गंगाखेड येथे ज्या पालकांची मुले त्या वर्षी पहिलीच्या उंबरठ्यावर उभी होती, त्यांच्या पदरात या विजयातून नेमके काय पडले, याचा हिशेब फारसा कोणी मांडला नाही. आपल्या कार्यकर्त्यांनी तो मांडावयास हवा. कायद्याचा एक भाग कापून टाकावयाचा आणि उरलेला जिवंत ठेवावयाचा, ही जी रीत आपल्या घटनाशास्त्रात रूढ झालेली आहे, ती शिक्षणाच्या क्षेत्रात कोणाच्या कामी येते आणि कोणाच्या मुळावर येते, हा प्रश्न त्या एका परंतुकापेक्षा पुष्कळ मोठा आहे.

प्रथम हकिगत. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम संसदेने 2009 साली केला आणि 1 एप्रिल 2010 पासून तो अमलात आला. त्याच्या कलम 12 ने खासगी विनाअनुदानित शाळांवर एक बंधन घातले: पहिलीच्या वर्गातील, आणि शाळेला पूर्वप्राथमिक वर्ग असल्यास त्या वर्गातीलही, किमान 25 टक्के जागा परिसरातील दुर्बल व वंचित घटकांच्या मुलांना द्यावयाच्या, त्यांना प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत मोफत शिकवावयाचे, आणि त्याचा खर्च सरकारने एका मर्यादेपर्यंत शाळेला परत करावयाचा. महाराष्ट्रात ही मर्यादा मुलामागे वर्षाला 17,670 रुपये अशी ठरली होती. करोनाच्या काळात ती 8,000 रुपयांवर आणण्यात आली. हे पैसे वेळेवर मिळत नाहीत ही संस्थाचालकांची ओरड जुनी आहे, आणि ती सर्वस्वी खोटी होती असेही नाही. सरकारने त्यावर तोडगा काढला तो असा, की देणे फेडण्यापेक्षा देणेच उरू नये. 9 फेब्रुवारी 2024 च्या अधिसूचनेने नियमांत परंतुक आले: ज्या खासगी विनाअनुदानित शाळेच्या एक किलोमीटर परिघात सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल, त्या शाळेला 25 टक्क्यांचे बंधन लागू नाही.

एक किलोमीटर हा आकडा मंत्रालयात बसून निरुपद्रवी वाटतो. परभणी जिल्ह्यात फिरलेल्या माणसाला त्याचा अर्थ तत्काळ कळतो. इंग्रजी माध्यमाच्या विनाअनुदानित शाळा काही गोदाकाठच्या वाडीत किंवा जिंतूरच्या डोंगरपट्ट्यातील तांड्यावर उघडत नाहीत. त्या उघडतात जिल्ह्याच्या आणि तालुक्याच्या गावी, जेथे बाजारपेठ आहे, नोकरदार आहे, शुल्क भरू शकणारा पालक आहे. आणि पाथरी असो, मानवत असो की पूर्णा, तालुक्याच्या गावात कोणत्याही चौकात उभे राहून एक किलोमीटर चालत गेले, तर जिल्हा परिषदेची, नगरपरिषदेची किंवा एखादी अनुदानित शाळा लागल्यावाचून राहात नाही. म्हणजे ज्या शाळांसाठी कलम 12 चे बंधन लिहिले गेले, नेमक्या त्याच शाळा त्यातून सुटल्या. बंधन उरले ते, जेथे जवळपास दुसरी कोणतीच शाळा नाही अशा ठिकाणच्या खासगी शाळेला. आणि अशी शाळा जिल्ह्यात शोधावयास निघालेला माणूस संध्याकाळी रिकाम्या हाताने परत येईल. अपवादाने नियम गिळला तो असा.

परिणाम राज्यभर दिसला. संगणकावरील यादीत शाळांची संख्या फुगली, कारण तीत सरकारी व अनुदानित शाळा भरण्यात आल्या. आणि पालकांचे अर्ज मात्र एकदम ओसरले. पाल्याला ज्या शाळेत विनामूल्य आणि अर्जावाचून घालता येते, तिच्यासाठी सोडतीचा अर्ज कोण भरणार? 6 मे 2024 रोजी उच्च न्यायालयाने परंतुकाला स्थगिती दिली आणि पूर्वीच्या पद्धतीने पुन्हा अर्ज मागविण्यात आले, तेव्हा राज्यातील सुमारे एक लाख जागांसाठी दोन लाखांहून अधिक अर्ज आले. गरिबांना अशा शाळा नकोच आहेत, असे सांगत फिरणाऱ्यांना हे उत्तर पुरेसे आहे.

न्यायालयाने परंतुक कशासाठी रद्द केले, तेही पाहण्यासारखे आहे. मूळ अधिनियमात विनाअनुदानित शाळेवरील बंधनाला अंतराची कोणतीही अट नाही. परिसरात शाळा उभारण्याचे सरकारचे कर्तव्य कलम 6 मध्ये वेगळे सांगितलेले आहे. ते पार पाडले म्हणून कलम 12 मधील दुसऱ्याचे कर्तव्य संपत नाही. नियम करण्याचा अधिकार राज्याला दिला आहे तो अधिनियमाची अंमलबजावणी करण्यासाठी, त्याला भगदाड पाडण्यासाठी नव्हे. म्हणून परंतुक अधिनियमाच्या आणि घटनेच्या 21-क या अनुच्छेदाच्या विरुद्ध ठरले. ऑगस्ट 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही या निर्णयात हात घालण्यास नकार दिला. परंतुक गेले, आणि बाकीचे सर्व नियम जागच्या जागी राहिले.

यालाच पृथक्करणाचे तत्त्व म्हणतात. सडलेला भाग निरोगी भागापासून वेगळा काढता येत असेल तर तेवढाच काढावा, सबंध कायदा फेकून देऊ नये, हे त्याचे सार. अमेरिकेत पुष्कळ कायद्यांच्या शेवटी तसे स्वतंत्र कलमच लिहिलेले असते. आपल्याकडे त्याची फारशी गरज पडत नाही, कारण घटनेच्या अनुच्छेद 13 नेच सांगून ठेवले आहे की मूलभूत हक्कांशी विसंगत कायदा त्या विसंगतीपुरता शून्यवत होईल. हे 'पुरता' म्हणणे फार मोलाचे आहे. परभणीच्या रेल्वे स्थानकासमोर 10 डिसेंबर 2024 रोजी संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली, तेव्हा जी माणसे रस्त्यावर आली, त्यांपैकी कित्येकांनी अनुच्छेद 13 कधी वाचलाही नसेल. परंतु या पुस्तकाने आपल्याला काहीतरी दिले आहे आणि ते कोणीतरी काढून घेऊ पाहतो आहे, एवढे त्यांना पक्के ठाऊक होते. काढून घेण्याचे काम दर वेळी काच फोडूनच होते असे नाही. ते राजपत्राच्या दोन ओळींतही होते.

या तत्त्वाची मोजपट्टी आपल्या सर्वोच्च न्यायालयाने ठरविली ती 1957 साली, आणि ती ठरविली शब्दकोड्यांच्या बक्षीस स्पर्धा चालविणाऱ्या एका धंदेवाईकाच्या अर्जावर. चामरबागवाला खटला म्हणून तो वकिलांच्या तोंडी आहे. स्पर्धांवर नियंत्रण घालणारा 1955 चा कायदा जुगारवजा स्पर्धांनाही लागू होता आणि कौशल्याच्या स्पर्धांनाही लागू होऊ शकत होता. दुसऱ्या प्रकारापुरता तो टिकला नसता, तर पहिल्यापुरता टिकतो का, असा प्रश्न होता. न्यायमूर्ती वेंकटराम अय्यर यांनी सांगितले की पाहावयाचे ते हे: विधिमंडळाला जर ठाऊक असते की हा भाग अवैध ठरणार आहे, तर उरलेला भाग त्याने तरीही केला असता का? दोन्ही भाग एकमेकांत इतके गुंतले आहेत का, की एक ओढला की दुसरा फाटतो? कापल्यावर उरते ते स्वतःच्या पायावर उभे राहू शकते का, की उरलेल्याला अर्थ आणण्यासाठी न्यायालयालाच नवी वाक्ये लिहावी लागतील? जुगाराच्या प्रकरणात घडलेली ही पट्टी गेली सहा-सात दशके मुलांच्या शाळांना लावली जात आहे, हा एक विनोद समजावा. पण पट्टी मुळात वाईट नाही.

वाईट आहे ते तिचा वापर ज्या दिशेने होतो ते. या मुद्द्यावर आपल्याला इतिहास विसरता येणार नाही. 1957 साली केरळच्या पहिल्या साम्यवादी मंत्रिमंडळाने शिक्षण विधेयक आणले. खासगी शाळांतील शिक्षकांचे पगार व नेमणुका संस्थाचालकांच्या मर्जीतून सोडविणे, गैरकारभार करणाऱ्या शाळेचे व्यवस्थापन ताब्यात घेणे, प्राथमिक वर्गांत शुल्क न घेणे अशी त्यातली कलमे होती. राष्ट्रपतींनी विधेयकावर सही करण्यापूर्वी सर्वोच्च न्यायालयाचे मत मागविले. 22 मे 1958 चे ते मत वाचावे. बहुतेक विधेयक ग्राह्य ठरले. बाधा आली ती मुख्यतः व्यवस्थापन ताब्यात घेण्याच्या कलमांना आणि प्राथमिक शुल्कबंदीच्या कलमाला, आणि तीही अल्पसंख्याकांच्या शाळांपुरती. म्हणजे विधेयकाला हात पाय राहिले, दात गेले. मौज अशी की शब्दकोड्यांच्या खटल्यात कापण्याची रीत घालून देणारे न्यायमूर्ती वेंकटराम अय्यर याच पीठावर होते, आणि शुल्कबंदीचे कलम कापू नये असे त्यांचे वेगळे मत पडले. घटनेच्या अनुच्छेद 45 ने राज्यावर टाकलेली मोफत शिक्षणाची जबाबदारी त्यांच्या डोळ्यांपुढे होती. बहुमताने ते मान्य केले नाही. पुढे त्या मंत्रिमंडळाचे काय झाले, हे सांगावयास नको. 31 जुलै 1959 रोजी ते बरखास्त झाले.

आता तोच धागा 2009 च्या अधिनियमापर्यंत आणून पाहा. तो होताच संस्थाचालक न्यायालयात गेले. 12 एप्रिल 2012 रोजी तीन न्यायमूर्तींच्या पीठाने दोन विरुद्ध एक मताने अधिनियम वैध ठरविला, पण विनाअनुदानित अल्पसंख्याक शाळांना तो लागू होणार नाही असे सांगितले, आणि त्यासाठी आधार घेतला याच पृथक्करणाच्या तत्त्वाचा. कापण्याची ही दुसरी तऱ्हा लक्षात घ्यावी. येथे कायद्यातील एकही शब्द खोडला जात नाही; शब्द सगळे तसेच राहतात, मात्र एका वर्गाला त्यांच्या कक्षेबाहेर काढले जाते. छापील पुस्तक वाचणाऱ्या पालकाला काही कापले गेल्याचा पत्ताही लागत नाही.

तरीही 2012 चा छेद लहान होता. अनुदानित अल्पसंख्याक शाळा अधिनियमाखालीच राहिल्या होत्या. 6 मे 2014 रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने प्रमती ट्रस्टच्या खटल्यात त्यांनाही बाहेर काढले. (पुढे बरोबर दहा वर्षांनी, त्याच तारखेला, आपल्या परंतुकाला स्थगिती मिळाली, हा केवळ योगायोग.) तक्रार मुख्यतः होती ती 25 टक्क्यांच्या कलमाविषयी: बाहेरची मुले सक्तीने घेतल्यास शाळेचे अल्पसंख्याक स्वरूप बदलेल. ही भीती समजण्यासारखी आहे. अनुच्छेद 30 हा आपल्या घटनेने अल्पसंख्याकांना दिलेला शब्द आहे, आणि बहुसंख्याकवादाचे वारे सुटलेले असताना तो शब्द पाळण्याची जबाबदारी समाजवाद्यांवर इतरांपेक्षा अधिक आहे. पण मग पृथक्करणाच्या तत्त्वाचा अवलंब करून ते एक कलम अल्पसंख्याक शाळांपुरते वेगळे काढावयाचे होते. त्याऐवजी सबंध अधिनियमच त्या शाळांच्या दारातून परत पाठविण्यात आला.

याचा अर्थ परभणीत काय होतो? शहरात आणि तालुक्यांच्या गावी उर्दू माध्यमाच्या खासगी शाळा आहेत. त्यांत शिकणारी मुले कोणाची? हमालांची, फळविक्रेत्यांची, गॅरेजमध्ये काम करणाऱ्यांची, विडी वळणाऱ्या बायांची. ज्या शाळेला अल्पसंख्याक दर्जा आहे, तेथील मुलाला या अधिनियमाचे कलम 17 लागू नाही, म्हणजे शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांच्या विरुद्ध या कायद्याने दिलेला आधार त्याला नाही. प्रवेशासाठी देणगी घेण्यास व मुलाची वा पालकाची चाचणी घेण्यास मनाई करणारे कलम 13 नाही. वर्गखोल्या, स्वच्छतागृहे, पिण्याचे पाणी, मुलांमागे शिक्षकांचे प्रमाण सांगणारे कलम 19 व त्याची अनुसूची नाही. शिक्षकाची किमान पात्रता सांगणारे कलम 23 नाही. यांपैकी काही गोष्टी राज्याच्या इतर नियमांतून किंवा चांगल्या चालकांच्या सद्बुद्धीतून मिळतही असतील. परंतु हक्क म्हणून, या कायद्याचे पान उघडून, त्या मागता येत नाहीत. शाळेत पिण्याचे पाणी असावे, याने कोणत्या समाजाचे स्वरूप बदलते? छडी खाणे हा कोणत्या धर्माचा किंवा भाषेचा वारसा आहे? संस्था चालविण्याचा हक्क जपताना, त्या संस्थेत बसणारे मूलही त्याच अल्पसंख्याक समाजाचे आहे आणि बहुधा त्यातल्या गरिबांचे आहे, याचा विसर पडला. समाजाचा हक्क म्हणून जे मिळाले, ते व्यवस्थापक मंडळाच्या हाती पडले.

ही शंका केवळ आपलीच नव्हे. महाराष्ट्रातूनच गेलेल्या अंजुमन इशाअत-ए-तालीम ट्रस्टच्या अपिलात 1 सप्टेंबर 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी 2014 च्या निर्णयाविषयी तीच शंका व्यक्त केली आणि प्रश्न मोठ्या पीठाकडे सोपविण्यासाठी सरन्यायाधीशांपुढे ठेवला. त्यांनी उपस्थित केलेला एक प्रश्न फार मार्मिक आहे: 25 टक्क्यांचे कलम रद्द किंवा गैरलागू ठरविण्याऐवजी त्याचा अर्थ संकुचित करून, अल्पसंख्याक शाळेने या जागा आपल्याच समाजातील दुर्बल व वंचित मुलांना द्याव्यात असे वाचता आले नसते काय? म्हणजे कापण्याऐवजी मुरड घालणे. परभणीतल्या एखाद्या चांगल्या अल्पसंख्याक शाळेत त्याच समाजातील रिक्षावाल्याच्या मुलीला विनामूल्य जागा मिळाली, तर शाळेचे कोणते स्वरूप बिघडणार आहे? त्याच निर्णयाने सेवेतील शिक्षकांवर पात्रता परीक्षेची जी टांगती तलवार ठेवली, पाच वर्षांहून अधिक सेवा उरलेल्यांना दोन वर्षांची मुदत वगैरे, तो वेगळा विषय आहे आणि शिक्षक संघटनांनी त्यावर आवाज उठविणे रास्त आहे. पण त्या गदारोळात निर्णयाचा हा दुसरा अर्धा भाग झाकला गेला.

येथे एक सावधगिरी. 2014 चा निर्णय बदलावा असे म्हणणारे सगळे आपले मित्र नाहीत. त्यांतल्या काहींना उर्दू शाळेतल्या मुलाचे काही पडलेले नाही. त्यांना अनुच्छेद 30 चाच काटा काढावयाचा आहे. त्यांच्या सभेत आपण टाळ्या वाजवू नयेत. आपली मागणी नेमकी असावी: अनुच्छेद 30 अबाधित, आणि मुलाच्या अंगाला लागणारी कलमे सर्व शाळांत लागू.

आता आपल्याच घरातला आक्षेप. पक्षाच्या अभ्यासवर्गांत काही ज्येष्ठ सहकारी म्हणतात की कलम 12 साठी अश्रू ढाळण्याचे कारण काय? आपली भूमिका समान शाळेची. कोठारी आयोगाने 1966 साली जी शिफारस केली ती परिसर शाळेची. खासगी शाळेत 25 टक्के गरीब घालणे म्हणजे खासगी शाळेला सरकारी पैसा आणि नैतिक प्रतिष्ठा दोन्ही देणे. परंतुकाने निदान मुले जिल्हा परिषदेच्या शाळेत परत आली असती. या आक्षेपात तथ्य आहे हे मी मान्य करतो. महात्मा फुल्यांनी 1882 साली हंटर आयोगापुढे बारा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी सक्तीचे प्राथमिक शिक्षण मागितले, शाहू महाराजांनी 1917 साली कोल्हापूर संस्थानात मोफत व सक्तीचे प्राथमिक शिक्षण सुरू केले, तेव्हा त्यांच्या मनात सोडत काढून लाखभर मुलांना खासगी शाळेच्या दारात उभे करण्याची कल्पना नव्हती. मराठवाड्यात तर निजामी अमलाखाली ज्या खासगी शाळा निघाल्या, हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा हे त्यांतले ठळक उदाहरण, त्या नफ्यासाठी नव्हे, सरकारने नाकारलेले शिक्षण लोकांना देण्यासाठी. त्या परंपरेशी इमारत निधीच्या पावत्या फाडणाऱ्या शिक्षणसम्राटांचे नाते काय?

परंतु ज्येष्ठ सहकाऱ्यांनी एक गोष्ट सांगावी. 9 फेब्रुवारीच्या अधिसूचनेने जिल्हा परिषदेच्या कोणत्या शाळेला एक शिक्षक वाढवून दिला? कोणती गळकी खोली शाकारली? 2017 साली कमी पटाच्या तेराशेच्या आसपास शाळा बंद करण्याचा आदेश काढणारे, आणि 2023 साली वीसपेक्षा कमी पटाच्या चौदा हजारांवर शाळा समूह शाळांत विलीन करण्याचे प्रस्ताव मागविणारे हेच राज्य सरकार. पालम तालुक्यातल्या वाडीवर पट कमी म्हणून शाळेवर टाच आणावयाची आणि परभणी शहरात मात्र 'सरकारी शाळा जवळ आहेच ना' असे सांगून खासगी शाळेला मोकळे सोडावयाचे, यात समान शाळेचे धोरण शोधणे म्हणजे भाबडेपणाची परिसीमा झाली. समान शाळा येईल तेव्हा 25 टक्क्यांचे कलम आपोआप निरर्थक होईल, आणि ते काढून टाकण्याचा ठराव आपणच मांडू. तोवर श्रीमंतांच्या शाळेवर गरिबांचा जो एकमेव कायदेशीर दावा आहे, तो सोडून देण्यात क्रांती नाही.

दुसरा धडा काळाचा आहे. शाळा जूनच्या मध्यास उघडतात. निकाल आला 19 जुलैला. फेब्रुवारी ते मे या काळात कित्येक विनाअनुदानित शाळांनी त्या जागा शुल्क भरणाऱ्या मुलांना देऊन टाकल्या होत्या. ते प्रवेश मोडू नयेत, गरज पडल्यास जागा वाढवून 25 टक्क्यांचा वाटा भरावा, असे न्यायालयाने सांगितले. शिकू लागलेल्या मुलाला वर्गातून उठवणे न्यायालयाला रुचले नाही, आणि ते योग्यच होते. पण फळ काय? ज्याच्याकडे पैसे होते तो अवैध परंतुकाच्या छायेत वेळेवर वर्गात बसला. ज्याच्याकडे नव्हते तो वैध कायद्याची वाट पाहात महिनाभर उशिरा. ऊस तोडून उन्हाळ्याच्या तोंडी गंगाखेडला परतलेल्या कुटुंबाने आधी नव्या यादीत अर्ज भरावा, मग तो रद्द झाला म्हणून पुन्हा भरावा, मग निकालाची वाट पाहावी, आणि दिवाळीच्या सुमारास परत कोयता उचलावा. अवैध भाग कायद्यातून वेगळा काढता येतो. त्या भागाने खाल्लेले चार-पाच महिने मुलाच्या आयुष्यातून वेगळे काढता येत नाहीत.

मराठा आरक्षणाच्या प्रकरणातही मराठवाड्याने हेच अनुभवले. 2018 च्या अधिनियमाने शिक्षणात व नोकऱ्यांत 16 टक्के आरक्षण दिले. जून 2019 मध्ये उच्च न्यायालयाने अधिनियम टिकविला पण आकडा छाटून शिक्षणात 12 आणि नोकऱ्यांत 13 वर आणला. 5 मे 2021 रोजी सर्वोच्च न्यायालयाने आरक्षणाची ती कलमेच घटनाबाह्य ठरविली, काही झालेले प्रवेश मात्र अबाधित ठेवले. तीन वर्षांत एकाच गावातल्या तीन मुलांना तीन वेगळे कायदे भेटले. टिकणार नाही असा इशारा डोळ्यांपुढे असताना कायदा करावयाचा, श्रेय घ्यावयाचे, आणि कापला गेला की न्यायालयाकडे बोट दाखवावयाचे, ही राज्यकर्त्यांची सवय झाली आहे. न्यायालय काय ते कापून घेईल, उरेल ते आपले, असा विश्वास मनात धरून लिहिलेला कायदा हा मुळातच बेजबाबदार कायदा असतो. पृथक्करणाचे तत्त्व अशा कारभाऱ्यांना विम्यासारखे उपयोगी पडते. हप्ते मात्र लोक भरतात.

आणखी एक बारकावा कार्यकर्त्यांनी ध्यानात ठेवावा. 2024 चे परंतुक वेगळे काढणे सोपे गेले, कारण ते जुन्या नियमाच्या शेपटीला बांधलेले होते. शेपटी कापली, नियम राहिला. उद्या शहाणा झालेला अधिकारी शेपटी जोडणार नाही. तो जुना नियमच काढून त्याच्या जागी नवा नियम बसवील, आणि त्यात सूट अशा रीतीने विणील की ती उसवली तर सगळाच नियम सुटावा. मग नवा नियम रद्द झाल्यावर जुना आपोआप जिवंत होतो की नाही, यावर वकील वर्षभर वाद घालतील. त्या वादाला सर्वोच्च न्यायालयाचेच 1963 सालापासूनचे दाखले दोन्ही बाजूंना सापडतील. कर्नाटकात अशीच सूट देणारा नियम 2019 साली तेथील उच्च न्यायालयाने उचलून धरला होता, हेही विसरू नये. जे मुंबईत पडले ते बंगळुरात टिकले होते.

म्हणून कामाची रीत बदलली पाहिजे. अधिसूचना निघाल्यावर निषेधाचे पत्रक काढणे आपल्याला चांगले जमते; राजपत्र वाचणे जमत नाही. राज्याचे नियम विधिमंडळापुढे ठेवावे लागतात, पण ते झाल्यानंतर, आणि बहुधा कोणी पाहात नाही अशा वेळी. शिक्षण हक्काच्या नियमांतील कोणताही बदल प्रवेशप्रक्रिया सुरू होण्यापूर्वी किमान एक शैक्षणिक वर्ष मसुद्याच्या रूपाने जाहीर झाला पाहिजे, त्यावर जिल्ह्याजिल्ह्यांत हरकती घेतल्या पाहिजेत, आणि चालू वर्षाच्या प्रवेशांना तो लागू होता कामा नये, ही मागणी आपल्या आमदारांनी अधिवेशनात आणावी. शुल्क परताव्याची थकबाकी किती आणि कोणत्या वर्षापासूनची, याचा जिल्हावार आकडा सरकारने दर वर्षी सभागृहापुढे ठेवावा; त्या थकबाकीच्या आडूनच पुढचे परंतुक येणार आहे. आणि परभणी जिल्ह्यातील नऊही तालुक्यांतील कार्यकर्त्यांनी जानेवारीतच बसून आपापल्या तालुक्यातील विनाअनुदानित शाळांची, त्यांच्या पहिलीच्या जागांची आणि त्यांतील 25 टक्क्यांची यादी हाताने करावी. ती पंचायत समितीच्या गटशिक्षणाधिकाऱ्याकडील यादीशी ताडून पाहावी. अल्पसंख्याक शाळांच्या पालकांशी बोलावे, त्यांच्यापैकी जे तयार असतील त्यांना मोठ्या पीठापुढील सुनावणीत आपले म्हणणे मांडण्यास वकील मिळवून द्यावा. तेथे आजवर संस्था बोलल्या आहेत आणि सरकारे बोलली आहेत, पालक क्वचितच बोलले आहेत. जिल्हा समितीच्या पुढील बैठकीत हा विषय पहिला घ्यावा, आणि येणाऱ्याने राजपत्राची प्रत बरोबर आणावी.